सासूबाईंच्या कवळीला पारदर्शक कोट

माणसाने सासूच्या तोंडात लक्ष घालू नये. हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. फादरांनी तेव्हा आम्हा दोघांना समोर बसवून संसारावर पुष्कळ उपदेश केला. क्षमा, सबुरी, एकमेकांचं ऐकून घेणं, सगळं सांगितलं, पण कवळीचा विषय काही काढला नाही. काढला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

तुम्ही म्हणाल, सिप्रियन, तू सातिवलीच्या रंगाच्या कंपनीतला माणूस, तुझा दातांशी काय संबंध? संबंध आहे. मी कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे आणि माझं काम झीज मोजण्याचं आहे. पत्र्यावर रंगाचा थर द्यायचा, तो भट्टीत वाळवायचा, मग यंत्राखाली ठेवून खरखरीत चाकाने घासायचा आणि किती टिकला ते बघायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणसाची नजरच बदलते. मला झिजणारी वस्तू बघवत नाही. आमच्या घराचं दार, पडवीचे खांब, झोपाळा, टपालपेटी, अंगणातला क्रूस, सगळ्यांवर मी आमच्या कंपनीच्या पारदर्शक कोटाचा थर दिलेला आहे. घरच्या वेदीवरच्या सेंट अँथनीलाही दिला. तेव्हापासून ते नुकतेच आंघोळ करून आल्यासारखे दिसतात, आणि माझी बायको रिटा प्रार्थनेच्या वेळी आधी माझ्याकडे रागाने बघते आणि मग त्यांच्याकडे.

तर त्र्याऐंशी साली, मे महिन्यात, आमच्या बेलाचं लग्न ठरलं.

आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती वाड्यांत लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव असतो. विहिरीवरून बँड लावून पाणी आणायचं, नवरीला मांडवात बसवायचं आणि बायकांनी गाणी म्हणायची. ह्या गाण्यांत एकेका नातेवाइकाचं नाव घेतात. ज्याचं नाव आलं त्याने उठायचं, तांब्यातलं पाणी नवरीच्या हातावर घालायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आशीर्वाद द्यायचा. ज्याचं नाव राहिलं तो लग्नात जेवतो व्यवस्थित, पण पुढे वर्षभर बोलत नाही. म्हणून गाणारी बाई पक्की लागते. आणि आमच्या भागातली सगळ्यात पक्की बाई म्हणजे माझ्या सासूबाई, इझाबेल. त्यांना मुलगा नाही, त्यामुळे त्या आमच्याकडेच असतात. लांबलांबच्या गावांतून लोक त्यांना मांडवासाठी न्यायला यायचे आणि पोचवायला येताना सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा द्यायचे.

आता माझं दुखणं सांगतो. माणसाचं नाव ह्या गाण्यांत दोनदाच मोठ्या मानाने येतं. एकदा स्वतःच्या लग्नात आणि एकदा मुलीच्या मांडवात, बाप म्हणून. माझ्या लग्नात सासूबाईंनी माझं नाव घ्यायला सुरुवात केली, 'सि' म्हणाल्या, जरा श्वास घ्यायला थांबल्या, आणि बँडमास्तरला वाटलं गाणं संपलं. त्याने कॉर्नेट तोंडाला लावला. राहिलेला 'प्रियन' कुणालाच ऐकू गेला नाही. पुढे सासूबाईंनी मला कायम 'जावई'च म्हटलं. 'जावई, जेवायला या.' 'जावई, नळ गळतोय.' नाव म्हणून नाही. मी बेलाच्या मांडवाची वाट बघत होतो. हे मी रिटालाही कधी सांगितलं नव्हतं, पन्नाशीच्या माणसाला शोभत नाही ते. पण बघत होतो, खोटं कशाला बोलू.

लग्नाला थोडेच दिवस उरले आणि सासूबाई पडवीत सरावाला बसल्या. मी पेपर वाचत होतो. गाणं सुरू झालं आणि शब्दांच्या मधेमधे टक्‌टक्‌ असा आवाज यायला लागला. मला वाटलं कुणीतरी दार वाजवतंय. मी दोनदा उठून दार उघडून आलो. तिसऱ्यांदा रिटा म्हणाली, "बसा हो. आईची कवळी आहे ती."

कवळी मागून घेऊन बघितली आणि माझ्यातला झीज मोजणारा माणूस कळवळला. दात सपाट झालेले, गुलाबी भागावर ओरखडेच ओरखडे.

"आई, तुम्ही ही घासता कशाने?"

"राखेने," सासूबाई म्हणाल्या. त्या आमच्या घरच्या बोलीत म्हणाल्या, पण तुमच्या सोयीसाठी मी इथे सरळ मराठीत सांगतोय. "करवंटीची राख. वेदीवरचे पितळी स्टँड घासते, त्याच राखेने हीपण. बघा, स्टँड कसे चमकतात!"

मी कपाळावर हात मारून घेतला. वसई गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, नवीन माप घ्यावं लागेल आणि नवी कवळी लग्नानंतरच मिळेल. तोवर आहे ती वापरा आणि राख बंद करा. राख बंद केली म्हणजे झीज थांबेल, झालेली भरून कशी निघणार? आणि इथे शनिवारी मांडव! सासूबाईंच्या तोंडात टक्‌टक्‌ वाजत राहिली तर ह्या वेळी माझं 'सि'सुद्धा ऐकू येणार नव्हतं.

बातमी शेजारी गेलीच. फर्डिनंड, आमचा शेजारी आणि बेलाचा धर्मपिता, कुवेतला नोकरी करून परत आला होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याने कुवेतला पाहिलेली होती. तो कुंपणावरून म्हणाला, "कुवेतमध्ये एक इजिप्तचा माणूस कवळीला मेण लावायचा. तू चर्चमधल्या मेणबत्त्यांची बुडखं आण."

"उन्हाळ्यात वितळेल ते."

"कुवेतमध्ये उन्हाळा नसतो असं वाटतं काय तुला?"

माझा धाकटा भाऊ हिलरी शिंपीकाम करतो. तो म्हणाला, शिलाई मशीनचं तेल लाव, खडखडाट थांबतो. असे एकेक सल्ले ऐकून माझा स्वाभिमान उसळला. घरात झिजेवर काम करणारा माणूस बसलाय, आणि ह्यांनी मेण नि तेल सुचवावं? मी जाहीर केलं की कवळीला कंपनीतला पारदर्शक कोट द्यायचा. तीन थर. झिजलेली जाडी भरून निघेल आणि वर राखच काय, वाळू घासली तरी ओरखडा उठणार नाही.

"पोटात गेलं तर?" रिटाने विचारलं.

"भट्टीत वाळल्यावर दगड होतो त्याचा. दगड पोटात जात नाही."

"अँथनीचं काय केलंत ते विसरले नाही मी," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी सासूबाईंनी कवळी रुमालात बांधून माझ्या हातात दिली. दात नसताना त्यांचा चेहरा एकदम लहान झाला होता. "जावई," त्या म्हणाल्या, "शनिवारी मला माझ्या नातीसाठी गायचंय. हे शेवटचं गाणं समजा माझं. एवढं लक्षात ठेवा." मी मोठ्या रुबाबात हो म्हटलं. सायकल चालवताना मात्र तो रुमाल खिशात जड वाटत होता.

कंपनीच्या गेटवर शत्रुघ्न बसतो. फुलपाड्याचा तरणा पोरगा, गणवेश कडक, वागणं त्याहून कडक. त्याने रुमाल उघडला आणि दोन बोटं मागे सरकला.

"साहेब, हे क्या है?"

"कवळी आहे."

"कोणाची?"

"सासूची."

"आत कशाला?"

आता इथे मी गप्प 'काम आहे' म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्यातला शास्त्रज्ञ बोलला. मी म्हणालो, "टेस्टिंगसाठी." शत्रुघ्नने ताबडतोब नोंद केली: नमुना, दात, वर एक आणि खाली एक.

आमच्या प्रयोगशाळेत काम तसं चोख होतं. कोट कालवला, ब्रशने थर दिला, पन्नास-साठ अंशांवर ठेवला. गुरुवारी सकाळी बघतो तर वरच्या कवळीवर माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला. दगड सोडाच, आंब्याच्या वडीसारखी चिकट लागत होती. आमचा कोट आम्ही आयुष्यभर लोखंडावर दिला, त्यातल्या थिनरने लोखंडाला काही होत नाही. कवळी अ‍ॅक्रिलिकची. थिनरने तिचाच वरचा पापुद्रा मऊ पडला असणार, हे मला तेव्हा, त्या अंगठ्याकडे बघताना सुचलं. तोवर तिसरा थरही देऊन झाला होता. मी परत भट्टीत ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि शुक्रवारी दुपारी काढली. वरून तरी कोरडी लागली. चमकत होती म्हणजे काय! सेंट अँथनीला कॉम्प्लेक्स यावा अशी.

संध्याकाळी रुमाल खिशात घालून गेटवर आलो. शत्रुघ्नने हात आडवा केला.

"साहेब, सॅम्पल बाहेर नाय जात."

"अरे, सॅम्पल कसलं? सासूचे दात आहेत ते!"

"आत येताना टेस्टिंग बोललात. टेस्टिंगचं सॅम्पल मॅनेजर साहेबांची सही असल्याशिवाय बाहेर नाय. रूल म्हणजे रूल." आणि त्याने भिंतीवरचा कागद दाखवला. मागच्या वर्षी लोक नमुन्याचे डबे घरी नेऊन आपली फाटकं रंगवायचे, ते थांबवायला काढलेला हुकूम. खाली सही माझीच होती. भाषाही माझी. 'कोणत्याही सबबीवर' हे शब्द मीच सुचवले होते आणि ते सुचल्याबद्दल तेव्हा मला बरंही वाटलं होतं.

"मॅनेजर साहेब कुठे आहेत?"

"नाशिकला. सोमवारी येतील."

सोमवारी! रविवारी लग्न, शनिवारी मांडव, आणि सोमवारी कवळी. मी विनवलं, दटावलं, बेलाचं लग्न आहे म्हणून सांगितलं. शत्रुघ्न म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स साहेब," आणि हात तसाच आडवा ठेवला. जेवणाच्या डब्यातून न्यावं तर तो डबे उघडतो, कारण डबे उघडून बघा हेही मीच सुचवलं होतं. मी परत प्रयोगशाळेत येऊन खुर्चीत बसलो. डोळ्यांपुढे सासूबाईंचा तो लहान झालेला चेहरा येत होता. खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो.

तेवढ्यात नथू आला. नथू आमच्या प्रयोगशाळेतला शिपाई, कामणचा शेतकरी गडी, माझ्याहून मोठा, आणि तोंडात एकही दात नाही. त्याने सगळं ऐकलं, खिडकीतून गेटकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, माज्या तोंडातून नेतो ना. तोंड उघडून बघायचा रूल हाय काय?"

नव्हता. तोंडाचा मी विचार केला नव्हता.

मला शिसारी आली, नाही असं नाही. पण दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. ठरलं असं की नथूने गेटबाहेर पडायचं, चहाच्या टपरीमागे दात काढून मला द्यायचे, आणि घरी नेऊन मी ते उकळत्या पाण्यात, नाही, उकळत्या नको, साबणाच्या पाण्यात तीनदा धुवायचे. नथूने कवळी बसवली. मला वाटलं बसणार नाही, पण बसली. नथूचे गाल एकदम भरले. बटणं नीट लावून तो गेटकडे निघाला. मी दहा पावलं मागे.

"अरे नथू, आज क्या हिरो दिसतो!" शत्रुघ्न म्हणाला. नथू नुसता हसला. हसू नको, मी मनात ओरडत होतो. त्या चमकदार दातांवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. शत्रुघ्न फुटाणे खात बसला होता. "घे रे," म्हणत त्याने मूठ पुढे केली. नथूने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फुटाण्यांकडे, आणि घेतले.

कुडुम. कुडुम. कुडुम.

माझ्या आयुष्यात मी झिजेच्या हजारो चाचण्या केल्या, पण इतकी जिवाला लागलेली चाचणी दुसरी नाही. नथूच्या चेहऱ्यावर कसलं सुख होतं! डोळे मिटून चावत होता. शत्रुघ्नला त्याची मजा वाटली, तो गप्पा मारत त्याच्याबरोबर टपरीपर्यंत चालत गेला. आता तो बाजूला हलेना, आणि नथूला दात काढता येईनात. मी आपला टपरीमागे उभा. इतक्यात कामणची एसटी आली. "अरे तुझी गाडी!" म्हणत शत्रुघ्नने नथूला आपुलकीने पाठीत धक्का देऊन आत चढवलं. एसटी निघाली. खिडकीतून नथू माझ्याकडे असहायपणे बघत होता, तोंड घट्ट मिटून.

मी धावलो. पन्नाशीचा माणूस एसटीमागे किती धावणार? सायकल गेटच्या आत, आणि आत जावं तर शत्रुघ्न विचारणार. शेवटी विटांचा एक टेम्पो थांबवून मागे विटांवर बसलो. सगळा वेळ मी नथूला मनात शिव्या घालत होतो. ह्याला मुद्दाम जायचं होतं. ह्याने आता दात दिलेच नाहीत तर? कुठे तक्रार करू, आणि काय सांगून?

कामणला नथूचं घर शोधून काढलं तेव्हा दिवेलागण व्हायची होती. नथू ओट्यावर बसून कैरी खात होता. फोडी करून नाही, अख्खी, चावे घेत. शेजारी त्याची बायको जिजा पदर तोंडावर धरून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"बघा ना साहेब," ती म्हणाली, "लग्नात असाच दिसायचा ह्यो. मी इसरूनच गेले होते."

मी भांडायला आलो होतो. टेम्पोत बसून वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना. मी ओट्यावर टेकलो. जिजाने पाणी आणून दिलं. मी काही मागायच्या आत नथूने दात काढले, तीन तांबे पाण्याने धुतले आणि माझ्या रुमालात ठेवले. गाल परत आत गेले. जिजा उठून आत गेली. मी म्हणालो, "नथू, उद्या आमच्याकडे मांडव आहे. तुम्ही दोघं या. यायचंच."

"मटन असंल ना?" नथू बोळक्या तोंडाने म्हणाला. "मला चावत नाय, पन वास येतो."

रात्रभर कवळी साबणाच्या पाण्यात होती. शनिवारी सकाळी सासूबाईंनी ती हातात घेतली, उन्हात धरली, उलटीपालटी केली, बराच वेळ एका ठिकाणी नखाने काहीतरी खरवडत राहिल्या. मग तोंडात बसवली. जीभ फिरवली.

"गुळगुळीत झालीय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी मांडवाचे खांब मोजायला बाहेर पळालो. टक्‌टक्‌ मात्र बंद होती. दुपारभर मी स्वतःवर खूश होतो. फर्डिनंडला बोलावून ऐकवलंसुद्धा, "तुझ्या कुवेतमध्ये होतं का असं काही?"

नथू आणि जिजा लवकरच आले. नथू स्वच्छ सदरा घालून आला आणि सरळ लसूण सोलणाऱ्या बायकांत जाऊन बसला, सासूबाईंच्या शेजारी. मी फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल वडे, तळणाऱ्या आचाऱ्याशी बोलत होतो. सहज वळून बघतो तर नथू हातवारे करून सासूबाईंना काहीतरी सांगतोय. मूठ पुढे केली. मग जबडा हलवून दाखवला. मग एसटीचं स्टेअरिंग. सासूबाई मान डोलावत ऐकत होत्या.

मी रिटाला गाठलं. "तुझ्या आईने काही विचारलं का?"

"हो. सकाळी तिला दातावर चण्याचं टरफल सापडलं. कोटात चिकटून बसलेलं. म्हणाली, मी चणे खाऊन किती वर्षं झाली? काय केलंत हो तुम्ही?"

तेवढ्यात बँड अंगणात शिरला. विहिरीवरून पाणी आलं. बँड थांबला. बेला पाटावर बसली, हात पुढे धरून. सासूबाई खुर्चीत बसल्या, कुणीतरी त्यांच्या हातात वाफाळता चहा दिला, तो त्यांनी घोट घोट संपवला आणि गाणं सुरू केलं. काय सांगू! अक्षर अन्‌ अक्षर खणखणीत. पहिलं नाव फर्डिनंडचं. तो उठला, पाणी घातलं आणि आशीर्वादात कुवेतचा उल्लेख केलाच. मग हिलरीचं. आता माझं येणार. मी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि ते अर्धंच उघडलं. आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला. जबडा नुसता थरथरला. त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि मला क्षणात कळलं. गरम चहा. गरमीने कोट मऊ पडला होता आणि वरची कवळी खालचीला चिकटली होती. सगळा मांडव गप्प. बेलाचे हात तसेच पुढे धरलेले. पाटावरून ती आजीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा रडवेला होत चालला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, शेवटचं गाणं समजा. आणि ते मी बंद केलं होतं, तीन थर देऊन.

त्या शांततेत बँडमास्तरने कॉर्नेट उचलला. माझ्या लग्नातल्या बँडमास्तरचाच हा मुलगा. त्यालाही वाटलं, गाणं संपलं.

मी कसा गेलो मला माहीत नाही. पाट, घागरी, फर्डिनंडचे पाय, सगळं ओलांडून गेलो आणि कॉर्नेटच्या तोंडात माझा पंजा घातला. "वाजवलास तर बघ!" मी ओरडलो. "गाणं संपलेलं नाही! अजून संपलेलं नाही!" माझा आवाज फाटला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कधी कुणावर ओरडत नाही.

ह्या कवळीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी मधेच कुणीतरी विचारील. नथूने ती जिजाच्या सुरीने सोडवली, उन्हात वाळवली, आणि कोट सोलून निघाल्यावर ती त्याला चांगली बसली. अजून फुटाणे खातो. सोमवारी मॅनेजर साहेबांनी नमुना मागितला तेव्हा मी म्हणालो, दीर्घ मुदतीच्या चाचणीसाठी कामणला पाठवलाय. ते म्हणाले, व्हेरी गुड.

तर मी कॉर्नेट धरून उभा. सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, सगळ्या मांडवादेखत दोन्ही कवळ्या चिकटलेल्याच बाहेर काढल्या आणि समोर बसलेल्या नथूच्या हातात दिल्या. "धर," त्या म्हणाल्या. आणि बोळक्या तोंडाने गायला लागल्या. शब्द मऊ झाले होते, पण एकही हरवला नाही.

आता मान कामणच्या नथूभाऊंचा,
फुटाणे खाऊन निकाल लावला माझ्या दातांचा.

मांडव हसून लोळला. नथू गोंधळून उठला, जिजाने त्याला पुढे ढकललं, आणि त्याने बेलाच्या हातावर पाणी घातलं. फर्डिनंड माझ्या कानात म्हणाला, "शिपायाचं नाव बापाच्या आधी?" सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

दाराला कोट, खांबाला कोट, दातांनाही कोट,
लेक चालली सासरी, सिप्रियन, आता का मिटले ओठ?

'सि' बसका होता, 'प्रि'मधून वारा गेला. पण नाव माझं होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि बँड माझ्या हातात होता. रिटाने तांब्या आणून दिला. आता मी मोठ्याने आशीर्वाद द्यायचा होता. बेला माझ्याकडे बघून हसत होती आणि रडत होती. घरातली प्रत्येक वस्तू मी झिजू नये म्हणून जपली होती, आणि ही उद्या निघाली होती. माझ्या तोंडात सगळे दात आहेत, माझे स्वतःचे, एकही हललेला नाही. तरी मला एक शब्द बोलता येईना.

मांडवात कुणी हसलं नाही. शेवटी नथूच हळूच म्हणाला, "पानी घाला, साहेब. पोर थांबलीय."

मी पाणी घातलं.